झाडू उचलायचा नाही

—नाही नाही, थांबा, ते बटण दाबू नका अजून. फॉरमॅट म्हणजे सगळंच जाते ना? मग थांबा जरा. हो, माहीत आहे मले, अंबरीशनंच तुम्हाले फोन केला, भल्ला स्लो झाला आहे, सगळं पुसून नवीन विंडोज टाका, असंच सांगितलं त्यानं — मी कुठं नाही म्हणून राहिलो? पण या वेळेले घरात मी आहे ना, त्याचा बाप. तो सिव्हिल लाइन्सच्या ऑफिसातून संध्याकाळशिवाय येत नाही. म्हणजे येत नाही सहसा. आज शुक्रवार, आज लवकरही येऊ शकते, त्याचा काही भरवसा नाही — तर मी काय म्हणतो, आधी बसा. अन् ती अंगठी काढून ठेवा. हसू नका जी, सवय आहे माझी. जन्मभर फॅक्टरीत बारूद भरायच्या सेक्शनमध्ये होतो, तिथं अंगठी, घड्याळ, कडं, काही म्हणजे काही चालत नसे, आत जाताना बूटसुद्धा बदलायचे, अन् आधी त्या तांब्याच्या पट्टीले हात लावायचा, अंगातली वीज जमिनीत गेली की मग आत. धावायचं नाही, घाई करायची नाही, कोणी आवाज दिला तर झटक्यानं मागं वळायचं नाही. घाई करणारे आमच्याकडे टिकत नसत. तुम्ही कॅबिनेट असं धडाधड उघडलं ना, मी आपसूक दोन पावलं मागं सरकलो.

अच्छा, धनेशभाऊ, लांजेवार ना तुम्ही? आडनाव ऐकूनच बरं वाटलं. अंबरीश दुसऱ्याच कोणाले बोलावत होता, मीच म्हटलं की मंडळाच्या गणपतीत साउंडवर एक आपला मराठी माणूस असते, त्याचं जयंती कॉम्प्लेक्सले दुकान आहे, त्याले बोलाव. काहून म्हणाल तर — मराठीत बोलता येते. आजूबाजूले सगळे हिंदीवाले, अन् इथं भिंती अशा की शेजारी कुकरच्या शिट्ट्या झाल्या तर आम्ही मोजतो. मराठीत बोललं की आपलं आपल्यातच राहते. असं काही खास बोलायचं नाही आहे, सहज सांगून राहिलो. हा कॉम्प्युटर पाहा ना, सुरू केला की माणसानं आंघोळ करून यावं, तरी ते चक्र फिरतच राहते. अंबरीश चिडते. टेबलावर हात आपटते. तो चिडला की मग — म्हणून मीच म्हटलं आपण करू काही. रिटायर माणूस, दिवसभर काम काय? मोबाइलवर पाहिलं, स्लो कॉम्प्युटर फास्ट कसा करायचा, त्या व्हिडिओतला पोरगा सांगून राहिला होता की जे कामाचं नाही ते काढून टाका, मोठ्या फाइली शोधा, काढा, मग ती कचऱ्याची टोपली रिकामी करा. मले पटलं. आमच्या सेक्शनमध्ये हेच तर होतं. शिफ्ट संपायच्या आधी झाडायचं, कानाकोपरा झाडायचा, कणभर काही राहायले नाही पाहिजे. मी तसंच केलं, बसलो अन् झाडलं.

तर माझं विचारणं एवढंच होतं — नुसतं विचारून राहिलो हं — की टोपलीतूनही काढलं ते कायमचं गेलं का? की कुठं राहते आत? नाही, असं मनात आलं. माझ्या हातून चुकून सुनेचं एक फोल्डर गेलं. शर्मिलाचं. उन्हाळी पदार्थ नाव होतं त्याचं. पापड, कुरडया, सरगुंडे, असलंच काही असेल. ती सध्या माहेरी आहे, सिहोऱ्याले. हो, येईल. येईल ना, काहून नाही येणार? आराम करायले गेली आहे. आता बाई माणसाचं पदार्थांचं फोल्डर, आल्यावर विचारेल, तर वाईट वाटते.

येऊ शकते? परत? पूर्ण? मतलब, पुसलं तरी ते आत तसंच असते?

नाही, घाबरलो नाही. पाणी नको. मले वाटलं गेलं ते गेलं. एक रात्र मी सुखानं झोपलो या गोष्टीवर. मग दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला अन् झोप गेली ते गेलीच. अच्छा, म्हणजे वरून नवीन काही लिहिलं गेलं तरच जाते — म्हणून तुम्ही म्हणून राहिले की जितकं चालवू तितकं नुकसान? चालवलं नाही जी. मी हात लावला नाही, देवाशप्पथ. अंबरीशनं लावला असेल तर सांगता येत नाही. मग काढा. काढा परत, पण याच कॉम्प्युटरवर नाही ना ठेवायचं? तुमच्याजवळ पेन ड्राइव्ह आहे? बस, त्याच्यावर. आधी हे, फॉरमॅट मग. फॉरमॅट तर करायचाच आहे, तो आल्यावर पाहील की झाला का नाही, त्याचा प्रश्नच नाही.

ही हिरवी पट्टी म्हणजे किती झालं ते का? हलूनच नाही राहिली. इतकीच? पाहा, हाच वैताग — त्या दिवशी पुसायले बसलो तर एका क्षणात पुसलं अन् आता काढायचं तर हा असा चालून राहिला. काही करता येत नाही का? तुम्ही ते पंख्यात साचलेलं काढलं, रॅम काढून पुसली, त्यानं काही फरक? थोडा पडेल. थोडा म्हणजे — बरं, बरं, मी बोलत नाही, तुमचं तुम्ही पाहा. मी दारात उभा राहतो. इथून गल्लीचं तोंड दिसते. त्याची गाडी त्या वळणावर गिअर बदलते तर आवाज वेगळा येते, मले घरातूनच कळते, शर्मिलालेही कळत होतं. आम्ही दोघं तेव्हा बोलता बोलता थांबत होतो. ती सैपाकघरात जात होती, मी पेपर उघडत होतो. अशी सवय लागून जाते.

हा हात? काही नाही, बाथरूममध्ये घसरलो. हो, नुसत्या मनगटावरच. घसरलो म्हटलं ना जी.

चलो, पुढं गेली जरा. काय? चित्रं दिसून राहिली? लहान लहान? मग ते नका ना पाहू तुम्ही, नुसतं उतरवून घ्या, पाहायचं काय त्यात — मोठं नका करू. धनेशभाऊ, मोठं नका करू म्हणतो ना.

...

हो. तिचाच हात आहे. ती पाठ तिचीच. उन्हाळी पदार्थ नाही आहेत ते. मीही पापडच समजून उघडलं होतं, आईशप्पथ, मोठी फाइल दिसली, म्हटलं पापडाचा व्हिडिओ इतका कायले जड, पाहावं तरी. तर हे. दरवेळचे वळ वेगळे, खाली तारीख, अन् काही रेकॉर्डिंग. कुठं मोबाइल ठेवून घेतलं असेल पोरीनं, कपाटावर की कुठं, मले काय माहीत. मी एक पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं उघडलं नाही. पहिला विचार काय आला सांगू? पहिला विचार असा आला की अंबरीशनं हे पाहिलं तर तिले जिवंत सोडणार नाही. खरंच तोच आला, पहिला. दुसरा हा आला की पोलिसांनी पाहिलं तर अंबरीशची नोकरी जाते, तो आत जाते, अन् मग मले विचारतात की बुवा, तुम्ही त्याच घरात होते ना. तिसरा विचार आलाच नाही. मी पुसून टाकलं. टोपली रिकामी केली, कॉम्प्युटर बंद केला, अन् देवापुढं उभा राहिलो, पण काय मागावं तेच सुचेना, म्हणून तसाच परत फिरलो.

तुम्ही असं पाहू नका माझ्याकडे. पट्टीकडे पाहा. तुम्हाले लेकीबाळी आहेत? आहेत. मग पाहा तिकडंच.

सेक्शनची गोष्ट सांगितली ना झाडायची, ती अर्धीच सांगितली. तिथं नियम दोन होते. एक, रोज झाडायचं. दुसरा, काही झालं — म्हणजे स्फोट, आग, कोणाची बोटं गेली, काहीही — तर झाडू उचलायचा नाही. सांडलं ते सांडलेलं, फुटलं ते फुटलेलं, कोणाची चप्पल पडली असेल तर चप्पलही तिथंच. दोरी बांधायची, बाहेर उभं राहायचं, इन्क्वायरीवाले येऊन पाहून गेले की मगच हात लावायचा. काहून? कारण झाडणारा नेहमी आपलीच चूक आधी झाडते. हे आम्हाले पहिल्याच आठवड्यात शिकवत, अन् पुढं नवीन पोरांना मी शिकवलं, मोठ्या तोऱ्यात शिकवलं. अन् स्वतःच्या घरात, पाहा, पहिला नियम पाळला अन् दुसरा विसरलो. विसरलो पण कुठं? आठवत होता. त्या टोपलीवर बोट ठेवलं तेव्हाही आठवत होता. पण भेव असं असते ना धनेशभाऊ, की ते नियमाच्या आधी हात हलवते.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला म्हटलं ना. मले वाटलं रडेल, तर रडली नाही. तब्येत विचारली, गोळ्या घेता का विचारलं, अन् मग म्हणे, बाबा, कॉम्प्युटरमध्ये माझं एक फोल्डर आहे, वकील मागून राहिले, मोबाइल तर त्यानं फोडला, आता सगळं त्यातच आहे — आहे ना बाबा ते? अन् मी म्हटलं, आहे. कसं निघालं तोंडातून कोण जाणे. आहे म्हटलं मी. ती म्हणे, मग तेवढं सांभाळा, दादा येऊन घेऊन जाईल. एवढंच. मी फोन ठेवला अन् वळलो तर मागं अंबरीश. किती ऐकलं, काय ऐकलं, पत्ता लागू दिला नाही. चहा प्यायला. अन् मग कॉम्प्युटरवर बसून बराच वेळ शोधत राहिला, अन् म्हणे, स्लो झाला हा, सगळं पुसून टाकू. अगदी हसत म्हणे. तो हसून बोलला की मले जास्त भेव वाटते. मनगट — हो, ते त्याच रात्रीचं. काय होतं त्यात, काय होतं त्यात, एवढंच विचारत होता. मी नाही सांगितलं. मी सांगितलं पापड होते.

मीच मोठा केला त्याले. आई लवकर गेली, माझ्या हातचं जेवून मोठा झाला तो. ड्यूटीवरून आलो की दाराशी बसलेला असायचा, माझ्या अंगाले वास यायचा बारुदाचा तरी मिठी मारायचा. हेच हात होते ते. मले समजतच नाही, धनेशभाऊ, मी बसून बसून विचार करतो अन् मले समजत नाही.

झालं? पूर्ण? सगळ्या आल्या? दोन खराब निघाल्या, असू द्या, बाकीच्या चालतील ना? पाहून घ्या एखादी चालते की नाही. नाहीतर वकिलापाशी जाईल अन् उघडणारच नाही. थांबा, आवाज आला का गाडीचा? नाही. पलीकडची गल्ली आहे. पाहा लवकर. घाई करू नका, पण लवकर. अन् ऐका, ती आज शुक्रवारची बस, तुम्ही मझौलीले घरी जाता म्हणालात, ती सिहोऱ्यावरूनच जाते ना? मग तिथं बसस्टँडच्या समोर हेमचंद्रचं कापडाचं दुकान आहे, शर्मिलाचा भाऊ. त्याच्या हातात द्यायचं, दुसऱ्या कोणाच्या नाही. माझं नाव — सांगा. बाबारावनं दिलं म्हणून सांगा. काय व्हायचं ते होईल.

कोणती लावता? ती शेवटची लावा. हो, तीच, ही जानेवारीतली. मुद्दाम सांगून राहिलो, कारण तिच्यात मी आहे. आवाज असेल माझा. तुम्ही मघापासून माझ्याकडे पाहून राहिले ना, की हा म्हातारा बाजूच्या खोलीत बसून काय करत होता — बोललो नाहीत तुम्ही, पण मले कळते — तर ऐका. त्या दिवशी मी मधात पडलो होतो. मले भेव वाटत होतं तरी दारापर्यंत गेलो, आवाज दिला, अन् तो थांबला. हे वकिलालेही समजेल. निदान शर्मिलाले तरी माहीत आहे की एकदा का होईना बाबांनी अडवलं. लावा. आवाज जरा ठेवा, जास्त नाही. हा त्याचा. हे भांडं पडलं काहीतरी. ही ती. ही — हो, हे असंच होत असते. आता ऐका, आता माझा येईल —

बंद करा.

नाही, पुन्हा लावा. तेवढंच. मी जिथं बोलतो तिथून.

तोंडावर नको, अंबरीश. उद्या हळदीकुंकू आहे.

...

हे मी म्हटलं? हाच माझा आवाज आहे? हाच आहे. मले तर आठवते की मी म्हटलं होतं सोड तिले. सोड तिले म्हटलं असं मले चांगलं आठवते, मी मनात कितीदा तरी — अन् तो थांबलाही होता. नाही ना थांबला. ऐकलं ना तुम्ही, पुढंही चालूच आहे. तोंड सोडून. चपलांचा आवाज आहे ना तो, फरफर, तो माझा. मी परत जाऊन राहिलो खोलीत. अन् दुसऱ्या दिवशी बाया आल्या, वाण लुटलं, तिळगूळ दिला, सगळ्या म्हणे शर्मिलाची साडी काय छान आहे. बाही लांब होती. मी दाराशी बसून सगळ्यांना या या म्हणत होतो.

काय म्हणता? तेवढा तुकडा कापता येते? कोणाले कळणार नाही?

...कळणार नाही ना?

नाही. राहू द्या. नका कापू. नका कापू म्हटलं धनेशभाऊ, आत्ताच माझं ऐका, नाहीतर थोड्या वेळानं मीच तुम्हाले म्हणीन की कापा. तिनं हे ऐकलं असेल कितीदा तरी, अन् तरी फोनवर विचारत होती की बाबा, गोळ्या घेता का. जसं आहे तसंच द्या हेमचंद्रले. काढा तो पेन ड्राइव्ह. वरच्या खिशात नाही, आत टाका, पँटच्या. अन् आता दाबा ते बटण. हो, फॉरमॅट. पुसा सगळं, तो येईल तर त्याले पडद्यावर पुसताना दिसलं पाहिजे.

आली. गिअर बदलला, ऐकलं? तीच गाडी. सरळ बसा, त्याच्या डोळ्यात पाहू नका, अन् विचारलं तर फक्त रॅमचं बोला.

ये, अंबरीश. हो, झालंच समज. सगळं साफ केलं यांनी, आता धावते म्हणतात. नाही, मी कुठं काय बोलून राहिलो, गणपतीच्या साउंडचं चाललं होतं आमचं. बरं धनेशभाऊ, बाकीचं ते आपोआप होईल ना? मग निघा तुम्ही. निघा, बस चुकेल तुमची.